आजीच्या गोळीसोबत फोलिक ॲसिड, मग नातवाच्या गोळीसोबत का नाही?

पत्र:

नमस्कार ताई. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याला ब्लड कॅन्सर निघाला, बी-सेल एएलएल. सलाइनमधून औषधं, पाठीतली इंजेक्शनं सगळं झालं, आता रिपोर्ट चांगले आहेत आणि मेंटेनन्स सुरू आहे. रोज रात्री ६-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, शनिवार-रविवार सेप्ट्रान. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे आणि त्यांनाही हीच मेथोट्रेक्सेट आहे, दर रविवारी. पण त्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोलिक ॲसिड घ्यायला सांगितलंय, माझ्या मुलाला ते दिलंच नाही. ओपीडीत एवढी गर्दी असते की विचारायचं राहूनच जातं. मेडिकलवाला म्हणतो पोराच्या अंगात रक्त नाही, टॉनिक सुरू करा, त्यात फोलिक असतंच. दीर म्हणतात हे सत्तर वर्षांपूर्वीचं औषध आहे, बाहेरच्या देशात नवीन गोळ्या आल्यात. साखर बंद करा असं तर सगळेच सांगतात. आणि दर वेळी काऊंट बघून गोळ्या कमी-जास्त करतात, म्हणजे अंदाजानेच चाललंय का? काय करू?
एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचा. टॉनिक सुरू करू नका. केलं असेल तर आज थांबवा, बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि तुमच्या हॉस्पिटलच्या डे-केअरमधल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना पाठवा. चार चमचे पोटात गेले असतील तर घाबरून जाऊ नका, पण त्यांना कळायला हवं. आणि तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी फोलिक ॲसिड विसरून राहू दिलंय असं अजिबात समजू नका, या आजारात मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून चालू ठेवलेल्या गोळ्यांसोबत ते सहसा मुद्दामच दिलं जात नाही. मी कॅन्सरची डॉक्टर नाही, औषधं शरीरात जाऊन नेमकं काय करतात हे शिकवणं हा माझा विषय आहे, त्यामुळे 'का नाही' एवढं मी तुम्हाला नीट सांगू शकते. ते एकदा कळलं की तुमच्या बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

बघा, कुठल्याही पेशीला एकाची दोन व्हायचं असेल तर आधी तिला आपल्या सगळ्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. डीएनए चार प्रकारच्या कणांचा बनलेला असतो, त्यातला एक म्हणजे थायमिन, आणि तो बनवायला फोलेट लागतं, म्हणजे फोलिक ॲसिडचंच शरीरात चालणारं रूप. फोलेट एक कार्बनचा तुकडा आणून देतं, तो जोडला की थायमिन तयार. पण तो देताना फोलेट स्वतः वापरलेल्या, निकामी रूपात जातं. ते परत कामाला लावायचं तर पेशीत एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन असतं, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, थोडक्यात डीएचएफआर. हे एन्झाइम वापरलेलं फोलेट घेतं, ताजं करून परत पाठवतं, ते पुन्हा कार्बन आणतं, पुन्हा वापरलं जातं, पुन्हा ताजं होतं, असं चक्र चालूच असतं, आणि पेशी जितकी भराभर वाढते तितकं हे चक्र जोरात फिरावं लागतं. ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या पेशी तर वाढण्याशिवाय दुसरं काही करतच नाहीत.

मेथोट्रेक्सेट इथे घुसतं. त्याचा रेणू जवळजवळ फोलेटसारखाच दिसतो, एक-दोन ठिकाणी अगदी किरकोळ फरक, त्यामुळे एन्झाइम फसतं. एसटीत कोणीतरी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतं ना, आणि ज्याला खरंच बसायचंय तो उभाच राहतो, तसंच होतं, मेथोट्रेक्सेट डीएचएफआरच्या नेमक्या त्या जागेवर जाऊन बसतं जिथे फोलेटने बसायचं असतं, आणि फोलेटपेक्षा जवळपास हजारपट घट्ट बसतं, उठतच नाही. मग वापरलेलं फोलेट तसंच साचत राहतं, ताजं मिळत नाही, थायमिन बनत नाही, डीएनएची प्रत अर्धवट राहते आणि पेशी मरते. ज्या पेशी शांत बसून आहेत, वाढत नाहीत, त्यांना एवढ्या थायमिनची गरजच नसते, म्हणून त्या बऱ्यापैकी वाचतात. पण तोंडाच्या आतलं अस्तर, आतडं, केसांची मुळं, बोन मॅरो म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा भाग, या चांगल्या असूनही भराभर वाढणाऱ्या पेशी आहेत, त्यांनाही फटका बसतो. मुलाचं तोंड येतं, काऊंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली जातात, ते याच्यामुळेच. औषध चुकीचं आहे म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट होते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण 'आठवड्यातून एकदाच का' याचं उत्तर तिच्यात आहे. गोळी पेशीच्या आत गेली की पेशी तिला ग्लुटामेट नावाच्या छोट्या कणांची एक लांब शेपटी जोडते, एकाला एक असे ग्लुटामेट लावत जाते. शेपटी लागलेलं मेथोट्रेक्सेट पेशीच्या बाहेर सहज पडू शकत नाही, आतच अडकून राहतं आणि दिवसच्या दिवस काम करत राहतं, शिवाय शेपटी लागल्यावर ते डीएचएफआर सोडून आणखी दोन-तीन एन्झाइमही अडवतं. बी-सेल एएलएलच्या पेशी ही शेपटी जोडण्यात विशेष पटाईत असतात, म्हणजे त्या स्वतःच औषध स्वतःच्या आत कोंडून घेतात. म्हणून एका दिवसाचा डोस आठवडाभर पुरतो. आणि म्हणूनच हीच गोळी कोणी चुकून रोज घेतली तर ती साचत जाते आणि जिवावर बेतू शकतं, अशा चुकांनी जगभर माणसं दगावलेली आहेत. तुमच्या घरात दोन माणसांच्या मेथोट्रेक्सेटच्या पट्ट्या आहेत, सासूबाईंचा वार वेगळा, मुलाचा वेगळा, आणि या गोळ्या २.५, ५, ७.५, १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. प्लीज दोन वेगळे डबे करा, वेगळ्या खोल्यांत ठेवा, डब्यावर नाव आणि वार मोठ्या अक्षरांत लिहा, आणि गोळी देणारं माणूस एकच असू द्या. मेडिकलमध्ये एका ब्रँडऐवजी दुसरा दिला तर गोळ्यांची संख्या मोजून देऊ नका, मिलिग्रॅम बघा. पावडर करून द्यायची असेल तर आधी हॉस्पिटलला विचारा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळ्या हाताळायच्या नाहीत, हे औषध पोटातल्या बाळाला घातक आहे.

आता टॉनिकचं. बाटलीतलं फोलिक ॲसिड पेशीत शिरायला बघतं, शेपटीसाठी तेच एन्झाइम मागतं, डीएचएफआरवरही जागा मागतं, थोडक्यात मेथोट्रेक्सेटशी प्रत्येक पायरीवर स्पर्धा करतं. आणि हल्ली मेडिकलमध्ये ज्या 'नसांच्या' लाल-पिवळ्या गोळ्या मिळतात ना, मेथिलकोबालामिनवाल्या, त्यातल्या कित्येकांत एल-मेथिलफोलेट असतं. ते तर आधीच ताजं केलेलं फोलेट आहे, त्याला डीएचएफआरची गरजच नाही, म्हणजे आपण ज्या एन्झाइमवर सगळा भार टाकून औषध देतोय त्यालाच वळसा घालून कॅन्सरच्या पेशीला हवं ते मिळू शकतं. हे दुकानात सहज, चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून मला जास्त काळजी वाटते. जेवणातल्या फोलेटची मात्र धास्ती घेऊ नका. पालक, मेथी, डाळ, शेंगदाणे, नेहमीचं घरचं जेवण पोराला नीट खाऊ द्या.

'अंगात रक्त नाही' हे म्हणणंही तपासून बघा. हिमोग्लोबिन कमी दिसतं कारण बोन मॅरोवर औषधांचा दाब आहे, लोह कमी पडलंय म्हणून असेलच असं नाही. उलट पहिल्या काही महिन्यांत मुलाला रक्त चढवलं असेल तर प्रत्येक पिशवीतून शरीरात लोह गेलेलं असतं आणि ते बाहेर पडायला शरीराकडे सोपा रस्ता नसतो. लोहाचं टॉनिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

फोलिक ॲसिडचा आणि ल्युकेमियाचा हा संबंध कसा कळला ते थोडं सांगते, कारण दीर ज्याला 'जुनं औषध' म्हणतात त्याच्या मागे केवढं काम आहे आणि त्यातलं काही आपल्याच परळमधलं आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात भयंकर ॲनिमिया व्हायचा, त्याचा त्यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास केला आणि १९३१ साली दाखवून दिलं की यीस्टच्या अर्कातला कुठला तरी घटक दिला की या बायका बऱ्या होतात. तो घटक म्हणजेच पुढे ओळखू आलेलं फोलेट. नंतर १९४० च्या दशकात अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं गेलं, तिथले संशोधन प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमला १८९५ साली जन्मलेले, मद्रासला डॉक्टरी शिकून हार्वर्डला गेलेले. (हत्तीरोगावर आपल्याकडे सरकारी मोहिमेत डीईसीची गोळी देतात, तीही त्यांच्याच टीमने शोधलेली.)

त्याच वेळी बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सिडनी फार्बर ल्युकेमियाच्या मुलांना बघत होते. ॲनिमियात फोलिक ॲसिड चालतं तर इथेही चालेल असं वाटून या मुलांना ते दिलं गेलं, आणि फार्बरना दिसलं की आजार कमी व्हायच्या ऐवजी जोर धरतोय. इथे त्यांनी उलटा विचार केला, फोलेट मिळून आजार वाढत असेल तर फोलेट अडवून बघूया. सुब्बाराव यांच्या टीमने फोलेटसारखे दिसणारे पण फोलेटचं काम बंद पाडणारे रेणू बनवून दिले, त्यातलं अमिनोप्टेरिन फार्बरनी वापरलं. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा अनुभव छापला, त्यातल्या १० जणांमध्ये स्पष्ट सुधारणा झाली होती. ती टिकली नाही, काही महिन्यांनी आजार परत आला, पण त्याआधी या आजारात काही करता येतं असंच कोणाला वाटत नव्हतं, मुलं काही आठवड्यांत, महिन्यांत जायची. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले, आपल्या कामाने पुढे किती मुलं वाचणार हे त्यांना बघायला मिळालं नाही. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनच्याच अगदी जवळचं, वापरायला त्यामानाने सोपं ठरलेलं औषध. तुमच्या मेडिकलवाल्याने सुचवलेला प्रयोग जगात एकदा होऊन गेलाय ताई, आणि त्यातूनच हे औषध जन्मलंय.

मग सासूबाईंना फोलिक ॲसिड का? कारण त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना पेशी मारायच्याच नाहीत. संधिवातात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठलेली असते, तिला शांत करायचं असतं. तिथे मेथोट्रेक्सेट मुख्यतः दुसऱ्या एका एन्झाइमला अडवून काम करतं असं मानलं जातं, त्यामुळे अडेनोसिन नावाचा पदार्थ वाढतो आणि त्याने सूज कमी होते. फोलिक ॲसिड दिल्याने हा फायदा फारसा कमी होत नाही, पण तोंड येणं, मळमळ, लिव्हरवरचा ताण हे कमी होतं, म्हणून ते गोळीच्या दुसऱ्या दिवशी देतात. सासूबाईंचं बरोबर चाललंय, त्यांनी ते बंद करायचं नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर माझं उत्तर वाचून कोणीतरी त्यांची गोळी काढून घेईल. गंमत बघा, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये पेमेट्रेक्सेड देतात, तेही फोलेटचीच एन्झाइम्स अडवतं, पण त्याच्यासोबत डॉक्टर स्वतःहून फोलिक ॲसिड आणि बी-१२ देतात, कारण त्याशिवाय त्रास फार होतो. म्हणजे औषध सारखं दिसलं तरी आजार, डोस आणि हेतू वेगळा असला की नियम वेगळा. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लावायची नाही, घरातल्या घरातसुद्धा.

तुमच्या मुलाला सुरुवातीच्या महिन्यांत कदाचित सलाइनमधून मेथोट्रेक्सेटचा खूप मोठा डोस दिला असेल, सगळ्याच हॉस्पिटलांत देतात असं नाही. दिला असेल तर त्यानंतर ठरलेल्या तासांनी ल्युकोव्होरिन दिलेलं तुम्हाला आठवत असेल. त्याला फोलिनिक ॲसिड असंही म्हणतात आणि फाइलमध्ये ते वाचून 'आधी तर देत होते' असं वाटू शकतं. ते वेगळं. मोठ्या डोसने कॅन्सरच्या पेशींना पुरेसा वेळ उपाशी ठेवून झाल्यावर चांगल्या पेशींना वाचवण्यासाठी ते घड्याळ लावून देतात, रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी मोजून किंवा ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. घरी, आठवड्याच्या गोळीसोबत, मनाने द्यायची ती गोष्ट नाही.

आता काऊंटचं आणि डोस कमी-जास्त होण्याचं. इथे मेथोट्रेक्सेटपेक्षा रोजची ६-एमपी जास्त जबाबदार आहे. ६-मर्काप्टोप्युरिन हे गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांनी बनवलेलं, १९५३ पासून वापरात आलेलं औषध, आणि या दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं. डीएनएचे दुसरे दोन कण, ॲडेनिन आणि ग्वानिन, ज्याला प्युरिन म्हणतात, त्यांच्यासारखं ते दिसतं. पेशी त्याला खरं समजून आत घेते, त्यातून बनलेला पदार्थ प्युरिन बनवणाऱ्या साखळीतलं अगदी पहिल्या पायरीचं एन्झाइम अडवतो, आणि उरलेलं औषध खोटं ग्वानिन म्हणून थेट डीएनएत शिरतं. मेथोट्रेक्सेटही प्युरिनचं उत्पादन कमी करतं, त्यामुळे या दोन गोळ्या एकमेकींचं काम वाढवतात, म्हणून त्या जोडीने दिल्या जातात.

पण प्रत्येकाचं शरीर ६-एमपी सारख्याच वेगाने मोडत नाही. ते मोडणारी आणि निकामी करणारी एन्झाइम्स असतात, टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ ही त्यातली दोन महत्त्वाची नावं, आणि काही माणसांमध्ये ती जन्मतःच कमजोर असतात. त्यांना नेहमीचा डोससुद्धा फार जास्त होतो, काऊंट एकदम कोसळतात. एनयूडीटी-१५ मधला बदल गोऱ्या लोकांमध्ये फारसा दिसत नाही, आशियात दिसतो, भारतीयांमध्येही बऱ्यापैकी. त्यामुळे डॉक्टर ठरलेल्या डोसने सुरुवात करतात आणि रक्ताच्या रिपोर्टवरून बघतात की या पोराचं शरीर किती झेलतंय. बऱ्याच ठिकाणी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० ते १५०० च्या दरम्यान राहतील असा डोस ठेवतात. फार खाली गेले तर इन्फेक्शनची भीती, म्हणून कमी करतात किंवा थांबवतात, आणि फार वर राहिले तर औषध पुरेसं काम करत नाहीये म्हणून वाढवतात. हे अंदाजपंचे नाही ताई, हेच मोजमाप आहे. काऊंट चांगले आले की आपल्याला आनंद होतो आणि त्याच दिवशी डॉक्टर डोस वाढवतात, तेव्हा आईच्या मनाला ते उलटं वाटणारच, पण त्याचा अर्थ हा आहे.

आणि रोजची गोळी चुकू नये यासाठी जे करता येईल ते करा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ६-एमपीच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतलेल्या मुलांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं. ९५ टक्के म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की आपण त्याच्या खाली गेलो. पोरगं खेळतंय, केस आलेत, शाळेत जायला लागलंय, अशा वेळी 'एक दिवस राहिली तर काय होतंय' असं सगळ्यांनाच वाटतं, आणि नेमका हाच काळ आहे जेव्हा रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या मूठभर पेशी कुठेतरी दबा धरून असू शकतात. दूध चालतं की नाही यावरही घरोघरी वाद होतात, कारण दुधात झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते ६-एमपी मोडतं. पूर्वी दुधासोबत नको असं फार काटेकोरपणे सांगायचे, नंतरच्या अभ्यासात त्याने आजार परत येण्यावर फरक पडल्याचं दिसलं नाही. तुमच्या हॉस्पिटलने सांगितलंय तसंच करा, पण 'आत्ताच दूध प्यायलाय, आज गोळी नको' असं करू नका. त्या झँथिन ऑक्सिडेजची खरी भीती दुसरीकडे आहे. यूरिक ॲसिडसाठी घेतात ती ॲलोप्युरिनॉलची गोळी हेच एन्झाइम शरीरात अडवते, मग ६-एमपी मोडलंच जात नाही आणि काऊंट धोकादायक खाली जातात. सासूबाईंच्या किंवा आजोबांच्या औषधांत ती असेल तर मुलाच्या हाती लागणार नाही हे बघा.

साखरेबद्दल सगळे सांगतात त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ओटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार खातात, तेही वेगळ्या पद्धतीने जाळतात. शरीरात कॅन्सर कुठे आहे ते शोधणारा पेट स्कॅन याच सवयीवर चालतो. पण रक्तातली साखर फक्त ताटातल्या साखरेवर अवलंबून नसते. तुम्ही पोराची साखर पूर्ण बंद केली तरी लिव्हर ग्लुकोज बनवून रक्तात सोडत राहणार, कारण मेंदूला ते लागतं, आणि कॅन्सरची पेशी त्यातूनच घेणार. बारीक होणार तो तुमचा मुलगा. ग्लुकोज जाळण्याची पहिली पायरी अडवणारा २-डीऑक्सीग्लुकोज नावाचा पदार्थ माणसांवर तपासून झालाय, पण तो कॅन्सरचा नेहमीचा उपचार झालेला नाही, मग जेवणातला गूळ काढून ते काम कसं होईल? त्याला भात, पोळी, केळं, घरचा शिरा नीट खाऊ द्या. बाजारातलं उघड्यावरचं गोड नको, ते इन्फेक्शनसाठी.

पेशीला उपाशी मारायचंच म्हणाल तर ते तुमच्या मुलाच्या बाबतीत खरंच केलेलं आहे. सुरुवातीला ॲस्पॅराजिनेजची इंजेक्शनं दिली असतील, दुखणारी, ती आठवत असतील. ते औषध एन्झाइम अडवत नाही, ते स्वतःच एन्झाइम आहे, ई-कोलाय जंतूंपासून बनवलेलं, आणि ते रक्तातलं ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो ॲसिड संपवून टाकतं. आपल्या बहुतेक पेशी ते स्वतः बनवू शकतात, एएलएलच्या पेशींना ते नीट जमत नाही, म्हणून त्या मरतात. पथ्याने हे कधीच साधलं नसतं, कारण ॲस्पॅराजिन शरीर स्वतःच बनवत राहतं.

दिरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. नवीन गोळ्या आल्या आहेत, आणि त्या कॅन्सरच्या पेशीतलं बिघडलेलं एन्झाइम नेमकं अडवतात. आयडीएच नावाच्या एन्झाइमसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये एनासिडेनिब आणि २०१८ मध्ये इव्होसिडेनिब मंजूर झालं. पण ती मंजुरी एएमएलसाठी, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या ब्लड कॅन्सरसाठी, आणि त्यातही ज्यांच्या पेशींत तो विशिष्ट बिघाड सापडतो त्यांच्यासाठीच. तुमच्या मुलाच्या आजारात त्यांचं काम नाही. बी-सेल एएलएलमध्ये नवीन इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे उपचार, आली आहे, तरी परदेशातल्या मुलांनासुद्धा मेंटेनन्समध्ये याच दोन गोळ्या देतात. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. दिरांना हे दाखवा, त्यांना पुतण्याची काळजी आहे म्हणूनच ते शोधतायत.

अजून दोन औषधांबद्दल सांगायला हवं. सेप्ट्रानमध्ये ट्रायमेथोप्रिम असतं, आणि तेही डीएचएफआरच अडवतं, फक्त माणसाचं नाही तर मुख्यतः जंतूंचं. मुलाला न्यूमोसिस्टिस नावाचा फुप्फुसाचा घातक इन्फेक्शन होऊ नये म्हणून ते आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक मात्रेत दिलंय, ते चालू ठेवा. पण गावातल्या डॉक्टरांनी खोकला किंवा लघवीच्या जळजळीसाठी त्यावर आणखी सेप्ट्रान लिहिलं तर थांबा आणि हॉस्पिटलला फोन करा, दोन्हीकडून फोलेट अडलं तर काऊंट पडू शकतात. आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लामसारख्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्याही मनाने नकोत, त्या किडनीतून मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्यात अडथळा आणतात. आणि ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियसला पोचला तर सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन उतरतोय का ते बघत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघायचं. घरात, शाळेत कोणाला कांजिण्या झाल्या तर मुलाला काही झालेलं नसलं तरी त्याच दिवशी कळवायचं.

ओपीडीत गर्दी असते हे खरंय, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर सगळं विसरायला होतं हेही खरंय. त्यामुळे घरूनच एका कागदावर लिहून न्या: फोलिक ॲसिड याला नकोच ना, टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ ची तपासणी झालीय का किंवा करायची गरज आहे का, गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर परत द्यायची का, मेथोट्रेक्सेटचा वार चुकला तर काय करायचं, आणि रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर कोणता. कागद सरळ डॉक्टरांच्या हातात द्या, बोलून दाखवायची गरज नाही. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून सोबत न्या, सासूबाईंच्यासुद्धा, आणि तिथल्या फार्मासिस्टला एकदा बघायला सांगा.